मास्तरच्या ॲम्पचे कंडेन्सर

सोमवार, ३ ऑक्टोबर

ही माझी कामाची वही. दुकान होतं तेव्हा हिच्यात दिवसाला चार-चार नोंदी पडायच्या. कुणाचा ॲम्प्लिफायर, काय दुखतंय, काय बदललं. मार्चमध्ये दुकान बंद केलं, सामान घराच्या मागच्या खोलीत आणून लावलं, आणि तेव्हापासून सात महिन्यांत एकच ओळ आहे: ‘शेजारची इस्त्री. वायर तुटलेली. जोडली.’ तेव्हा आज जरा ऐसपैस लिहायला हरकत नाही. पानं आहेत, वेळ आहे.

मास्तर आला होता. मास्तर म्हणजे माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. इथल्या निम्म्या पोरांना गिटार त्याने शिकवली, उरलेल्या निम्म्यांना ‘तुझ्याच्याने होणार नाही’ म्हणून घरी पाठवलं. बरोबर त्याची नात होती. तिला सगळे चिमणी म्हणतात. पोरगी चोवीस वर्षांची आहे आणि माझ्या दारातून येताना तिला मान वाकवावी लागते. दोघांनी मिळून त्याचा गिटारचा ॲम्प उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

“डॉक्टर, पेशंट आणलाय,” मास्तर म्हणाला. तो मला डॉक्टरच म्हणतो.

हा ॲम्प मला बायकोच्या स्वभावाइतका पाठ आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. मी त्याचे व्हॉल्व्ह बदललेत, स्पीकरचा फाटलेला कागद चिकटवलाय, एकदा आतून झुरळांचं अख्खं खटलं बाहेर काढलंय. कंडेन्सरना मात्र कधी हात लावला नाही. नवी मुलं त्यांना कपॅसिटर म्हणतात. आम्ही जुने लोक कंडेन्सरच म्हणतो.

मास्तरची बोटं आता आखडली आहेत. ॲम्प तो चिमणीला देतोय. पाच नोव्हेंबरला तिच्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम, मग महिनाभर दौरा. रोज तीन-चार तास ॲम्प तापणार.

“पन्नास वर्षांचे कंडेन्सर आहेत. बदलायचे की तसेच ठेवायचे? तू म्हणशील ते.”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आत तीन मोठे कंडेन्सर आहेत, ते वीज साठवतात. वाळले की एखाद्या दिवशी बसतात, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. तसा ट्रान्सफॉर्मर आता कुणी बनवत नाही, म्हणजे ॲम्पच गेला. पण छोटे जे नऊ आहेत, त्यांच्यातून प्रत्यक्ष सूर जातो. ते बदलले की आवाज बदलतो. लोक ज्याला मास्तरचा सूर म्हणतात तो निम्मा त्याच्या बोटांत आणि निम्मा या नऊ गोळ्यांत आहे. बोटं तर गेलीच.

“बघतो,” म्हटलं. पूर्वी हा ॲम्प टेबलावर आला की नुकती आंघोळ केल्यासारखं वाटायचं. आज काही वाटलं नाही. झाकण उघडलं, परत लावलं, आणि चहा प्यायला गेलो.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

मीटर लावलं. मोठ्या तिघांतले दोन ठणठणीत, तिसरा काठावर. छोटे नऊच्या नऊ पास. पन्नास वर्षांत एकानेही गळती धरलेली नाही, या वयात माणसालाही एवढं जमत नाही.

मग दुकानातली जुनी गिटार जोडून तारा छेडल्या, आणि खुर्चीत बसलो. मेलेला आवाज. वरचं सगळं गेलंय, स्पीकरवर कुणी रजई टाकावी तसं. आणि खाली तो ‘घुं’. आम्ही त्याला हम म्हणतो. जुन्या ॲम्पला तो थोडाफार असतोच, पण हा एवढा की त्याच्यापुढे दुसरं काही उरतच नाही.

म्हणजे मीटर म्हणतं पेशंट धडधाकट, आणि कान म्हणतो संपला. माझा उस्ताद सांगायचा, “जिवाचं मीटरला विचार, सुराचं कानाला.” त्यावर चाळीस वर्षं धंदा केला. मीटर काय, बाजारात जाऊन कुणीही आणतो. लोक माझ्याकडे येत ते माझ्या कानासाठी.

तरी घाई नको. उद्या पुन्हा ऐकतो.

बुधवार, ५ ऑक्टोबर

हिला ताप. थर्मामीटर लावून शेजारी बसलो. तो ‘टीं’ वाजला की काढायचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वाजेना. शेवटी हिने स्वतःच काढला आणि म्हणाली, “मघाशीच वाजला की हो!” तापात भास होतात माणसाला. मी वाद घातला नाही. थर्मामीटरचा सेल बदलला, तरी वाजत नाही. फेकून दिला. वॉशिंग मशीनचं तेच. हल्ली संपलं तरी गप्प. आजकालच्या वस्तूंत दम नाही.

ताप शंभर होता. संध्याकाळी उतरला.

ॲम्प पुन्हा ऐकला. तसाच.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

चिमणी गिटार घेऊन आली आणि तासभर वाजवून गेली. मी तिच्या समोर बसून होतो. तिची बोटं आजोबांसारखीच पडतात, डोळ्यांना कळतं. कानाला मात्र बाहेर रस्त्यावर वाजत असल्यासारखं.

“कसला गोड वाजतोय, आजोबा!” ती म्हणाली. मलाही ती आजोबाच म्हणते.

“आणि हम?”

“तो काय, नेहमीचा आहे तेवढा.”

चोवीस वर्षांचे कान. कर्ण्यापुढे उभं राहून वाढलेली पिढी, त्यांना काय कळणार. मी तिला म्हटलं, वरचे सूर गेलेत, मला कंडेन्सर बदलावेसे वाटतात. त्यावर ती काहीतरी बोलली. मी “काय?” म्हटलं. पुन्हा बोलली. हल्लीची पोरं तोंडात गुळणी धरल्यासारखी बोलतात. तिसऱ्यांदा जवळ येऊन मोठ्याने म्हणाली तेव्हा कळलं:

“मोठे बदला. तो जळला तर मी मरेन. पण छोट्यांना हात लावू नका, प्लीज. आजोबांची बोटं काही मला मिळायची नाहीत. त्यांचा आवाज तरी मिळू दे.”

“तुझा आजोबा काय म्हणालाय? डॉक्टर म्हणेल ते.”

तिने गिटार गळ्यातून काढली. डोळ्यांत पाणी होतं बहुतेक. मला वाईट वाटायला हवं होतं. मी फक्त पाहिलं की तिच्या गिटारची खांद्यावर घ्यायची पट्टी सुटत आलीये, आणि दोन टाके घालून दिले.

रविवार, ९ ऑक्टोबर

आज हिच्याशी बिनसलं. म्हणाली, “तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं.” मी म्हटलं, “तू हल्ली पुटपुटतेस.” ही म्हणाली, “बरं, मी पुटपुटते,” आणि दिवसभर बोलली नाही. खरं सांगायचं तर फारसा फरक पडला नाही. घर वर्षभर असंच आहे, निपचित. समोरच्या झाडावर पूर्वी पहाटे पक्ष्यांचा बाजार भरायचा. पक्षी अजून बसतात, चोची उघडतात, पण गप्प असतात. हवा बिघडली असेल.

हवा बिघडली, वस्तू बिघडल्या, बायको पुटपुटते. हे लिहून वाचलं आणि माझ्याच लक्षात आलं की मी म्हातारा झालोय.

दुकान बंद केलं ते याचमुळे. लोकांना सांगितलं गुडघे दुखतात. गुडघ्यांचं काही नाही. समोर चांगला वाजणारा ॲम्प असायचा आणि मला त्यातलं काही शिवायचं नाही. पूर्वी एक तार छेडली की हातावर काटा यायचा. मन मेलं की दुकान बंद करावं, नाहीतर माणूस लोकांच्या वस्तूंची वाट लावतो.

निर्णय: मोठे तिन्ही बदलायचे. छोट्यांचं मग बघू.

सोमवार, १० ऑक्टोबर

मोठे तिघे काढले. रिवाजाप्रमाणे डावा हात खिशात. हे लोक प्लग काढल्यावरही वीज धरून बसतात. दोन्ही हात आत घातले तर झटका छातीतून जातो. रेझिस्टर लावून आधी त्यांना रिकामे केले, मग टाके सोडवले. जुने कागदात गुंडाळून, नावनिशी लिहून डब्यात ठेवले. जुना भाग मालकाचा असतो.

नवे बसवले. चालू केलं. हम जसाच्या तसा.

असं होत नाही. तिघे कोरे करकरीत असताना एवढा हम राहत नाही. दोनदा तपासलं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

चिमणीचं म्हणणं डोक्यात होतं. ते बाजूला ठेवून छोटे बदलायला घेतले. एकेक बदलायचा, ऐकायचं, दुसरा बदलायचा. नऊ झाले. नऊ वेळा ऐकलं. नवव्यांदाही तीच रजई.

मला वाटलं होतं की एवढं केल्यावर भीती तरी वाटेल. मास्तरच्या ॲम्पचं काळीज काढून डब्यात ठेवलंय आणि हाती काही लागलेलं नाही. पण आत अगदी सपाट. जेवलो. झोपलो.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

सापडलं!

सकाळी सुचलं की नव्याच्या जागी नवा लावून काय होणार, वरच्या सुरांना वाट मोकळी करून द्यायला हवी. आवाजाच्या बटणावर एक बारका कंडेन्सर आडवा जोडला, की वरचे सूर न अडता थेट पुढे जातात. थोडं उघडलं. मग आणखी छोटा लावला. मग ट्रेबलचा, म्हणजे वरच्या सुरांच्या बटणाचा, बदलला. मग खालचे सूर जरा कापले, हम आपोआप दबला. दुपारी तीनपर्यंत बारा-पंधरा अदलाबदली केल्या, आणि तार छेडली, आणि ती वाजली.

नखाचा स्पर्शसुद्धा ऐकू आला. तार सुटताना जी ठिणगी उडते ती ऐकू आली. वर्षभरात पहिल्यांदा हातावर काटा आला. मी माझ्या मोडक्यातोडक्या बोटांनी एकच तार तासभर छेडत बसलो आणि रडलो. हे लिहायला लाज वाटत नाही. मन मेलं नव्हतं, ॲम्पच आजारी होता.

मध्येच हिने येऊन खोलीचं दार लावून घेतलं. नंतर स्वयंपाकघराचंही. अजून राग गेलेला नाही.

मास्तरला फोन करून सांगितलं, “ये. पेशंट उठून बसलाय.”

रविवार, १६ ऑक्टोबर

मास्तर आणि चिमणी आले. काय झालं ते जसं झालं तसं लिहितो, कारण मला ते नीट कळलेलं नाही.

चिमणी वाजवायला बसली. पहिल्याच फटक्याला तिने हात तारांवरून उचलला, चटका बसल्यासारखा. आजोबांकडे पाहिलं. “आजोबा, हे...” एवढंच म्हणाली आणि मास्तरने टेबलाखाली तिचा पाय दाबला. दिसलं मला. एवढ्या मोठ्या पोरीला असं दटावतात का?

मास्तरने गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली, चार सूर वाजवले, आणि मला विचारलं, “तुला कसा वाटतो?”

“घंटेसारखा,” मी म्हटलं. “मास्तर, आपण तिशीत होतो ना, तेव्हा असा वाजायचा.”

त्याने गिटार चिमणीकडे परत दिली. मग म्हणाला, “मग झालं तर. तुला आवडला ना? छान.”

मी म्हटलं, गाडीत ठेवायला मदत करतो. तर म्हणाला, राहू दे चार दिवस, घाई नाही. ॲम्प बरा झाल्यावर घरी न्यायचा सोडून ठेवून कोण जातं? जाताना फाटकापाशी चिमणी तावातावाने काही बोलत होती आणि मास्तर नुसता मान हलवत होता. नाही, नाही.

त्यांना आवडला नाही. मला एवढं कळतं. चाळीस वर्षांत मास्तर माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलला.

सोमवार, १७ ऑक्टोबर

म्हटलं, कानावर शंका असेल तर कागदावर दाखवतो. कपाटातून सूर काढायचा जनरेटर काढला. त्याची चकती फिरवावी तसा हवा त्या पट्टीचा एकच सूर निघतो. तो ॲम्पला जोडला, आणि ॲम्पमधून काय बाहेर पडतं ते बघायला पडद्याचं यंत्र लावलं. खालून सुरुवात केली. सेकंदाला दोनशे कंपनं. पाचशे. हजार. पडद्यावर हिरवी लाट, स्पीकरमधून सूर. दोन हजारला सूर बारीक झाला. तीन हजारला जवळजवळ गेला. चार हजारला स्पीकर बंद.

पडद्यावर लाट मात्र होती तशीच. उलट आणखी उंच.

वायर बदलली. स्पीकर बदलला. पुन्हा चार हजार. लाट उंच, आवाज नाही. मी आवाजाचं बटण पुढे सरकवलं. आणखी सरकवलं.

धाडकन दार उघडलं. ही आत आली, हात पिठाचे, तेच दोन्ही कानांवर दाबलेले, केसांना पीठ लागलेलं. “अहो, बंद करा ना ती शिट्टी! डोक्यात सळई घातल्यासारखं होतंय!”

“कुठली शिट्टी?” मी म्हटलं.

ही थांबली. कानांवरचे हात खाली आले. माझ्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी बटण शून्यावर नेलं. हिचा चेहरा सैलावला. पुन्हा वर नेलं. चेहरा आवळला. मला दोन्ही वेळा खोली सारखीच वाटत होती.

मग मी हिला समोर खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, ऐकू येतंय तोवर हात वर ठेव. आवाज हळू ठेवला. माझा हात तीन हजारच्या आधीच खाली आला. हिचा वर होता. पाच, सहा, आठ हजार. दहा हजारला मी चकतीवरून नजर काढली, तर ही पिठाचा हात वर धरून बसली होती आणि रडत होती.

“मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला,” ही म्हणाली. मी तोंडाकडे बघत होतो म्हणून कळलं.

मी म्हटलं, मला वाटलं मला कशाचंच काही वाटेनासं झालंय.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

सकाळी झाडाखाली उभा राहिलो. चोची उघडत होत्या.

गेल्या दोन-तीन वर्षांतल्या नोंदी चाळल्या. ‘आवाज मंद. ट्रेबल वाढवला.’ ‘आवाज मंद. ट्रेबल वाढवला.’ पानापानावर. त्यातले किती जण परत आले नाहीत ते आठवायचा प्रयत्न केला. आपण मन मेलं म्हणून दुकान बंद केलं, की लोक येईनासे झाले म्हणून?

आत काही नाही. हात काम करतात. चहा प्यालो, थंड होता की गरम ते आठवत नाही. हिने पुढच्या आठवड्यातली कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी हो म्हटलं.

मास्तरला फोन केला. त्याचा घोगरा आवाज मला लख्ख कळतो, म्हणूनच कदाचित इतके दिवस कळलं नाही. म्हटलं, “मला वरचं ऐकू येत नाही.” तो फक्त “हं” म्हणाला. मग म्हणाला, “परवा येतो. ॲम्पला हात लावू नकोस.”

गुरुवार, २० ऑक्टोबर

मास्तर आणि चिमणी दुपारी आले. मी सोल्डरिंग गन तापत ठेवली होती. म्हटलं, “तुझ्या नातीच्या ॲम्पची मी वाट लावली. जुने सगळे जपून ठेवलेत. आत्ता परत बसवतो.”

“तुला कळलं ते बरं झालं,” मास्तर म्हणाला. “मला वर्षभर माहीत होतं.”

“वर्षभर?” मी म्हटलं.

“गेल्या वर्षी तुझ्या दुकानात गिटारची तार तुटली, आठवतं? टण्णकन. सगळ्यांच्या माना वळल्या. तू आपला मान खाली घालून टाके लावत होतास.”

“आणि तरी तू हा ॲम्प माझ्याकडे आणलास?”

“मग कुणाकडे न्यायचा? दुसरीकडे नेला असता तर तू विचारलं असतंस, माझ्याकडे का नाही. मग मला सांगावं लागलं असतं.” त्याने खांदे उडवले. “मला नाही जमलं ते सांगायला. म्हटलं, ॲम्प बिघडला तर बिघडला.”

“आजोबा, तो ॲम्प माझा आहे हं,” चिमणी म्हणाली, मुद्दाम माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा. मग हसली. मी म्हटलं, मूर्ख आहेस मास्तर तू. तो म्हणाला, ते जुनंच आहे.

मी गन उचलली तर त्याने माझा हात धरला. “थांब. उघडायच्या आधी एकदा वाजवतो.”

“कशाला? तुम्हाला सोसत नाही ते.”

त्याने खिशातून कापसाचा गुंडा काढला. घरून घेऊनच आला होता. दोन बोळे चिमणीला दिले, दोन हिला, म्हणाला, “घ्या वहिनी, नीट आत घाला,” आणि दोन स्वतःच्या कानांत कोंबले. चिमणीने त्यावर बोटंही लावली. मग मास्तरने गिटार मांडीवर घेतली आणि आपल्या आखडलेल्या बोटांनी वाजवायला लागला.

काय वाजवलं ते महत्त्वाचं नाही. दोनदा चुकला. एकदा थांबून बोटं चोळली. पण मी सगळं ऐकलं. नख ऐकलं. जाड तारेवरून बोट सरकताना होणारी चिरचिर ऐकली. मला वाटायचं म्हातारपणी त्याचा हात साफ झालाय, चिरचिर गेलीये. ती कुठेच गेली नव्हती. तीन माणसं कानात कापूस घालून माझ्याकडे बघत बसली होती, ही तर रडतही होती आणि हसतही होती, आणि मास्तर त्याला स्वतःला नीट ऐकू न येणारं गाणं मला ऐकवत होता. मला इतकं सुख आणि इतकं दुःख एकदम झालं की मी टेबलाची कड धरली.

संपल्यावर मास्तरने कापूस काढला. मी प्लग काढला आणि डावा हात खिशात घातला.

शनिवार, २२ ऑक्टोबर

ॲम्प: मास्तरचा, आता त्याच्या नातीचा. दोन दिवस काम. मोठे कंडेन्सर तीन, नवेच ठेवले. एक काठावर होता, ते मीटरने ठरवलं. छोटे नऊ, जुने परत. आडवा जोडलेला काढला.

छोट्यांना मी एकट्याने हात लावला नाही. चिमणी दोन्ही दिवस स्टुलावर बसून होती. मी एक बसवायचा, तिने तार छेडायची, आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचं. “हं” म्हणाली की पुढचा. सहाव्याला तिचं कपाळ आकसलं. बघतो तर टाका कच्चा लागला होता. मला तो या जन्मात ऐकू आला नसता. सातव्याला तिने डोळे मिटले. नवव्यानंतर ती बराच वेळ वाजवत राहिली, मी सांगितलेलं नसताना.

मला हम ऐकू आला आणि जाड तारा ऐकू आल्या. बाकी रजई. आत पुन्हा तेच सपाट. पण परवाचं माहीत असल्यामुळे ते सपाट आता माझं एकट्याचं आहे, जगाचं नाही, एवढा फरक पडलाय.

पाचच्या सुमाराला मास्तर न्यायला आला. दारातूनच त्याने मला विचारलं, “काय डॉक्टर, झाला का बरा?”

तोंडापर्यंत आलेलं उत्तर मी गिळलं आणि चिमणीकडे पाहिलं.

“झाला,” ती म्हणाली.